४०९६ची कुळकथा

ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय मी अभियांत्रिकीच्या मुलांना बरीच वर्षे शिकवला. फळ्यावर ‘पानाचा आकार : ४०९६ बाइट’ असे लिहिले की बहुतेक मुले ते वहीत उतरवून घेत आणि पुढच्या ओळीची वाट पाहत. प्रकाशाचा वेग उतरवून घ्यावा, तसे. पण हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. माणसांनी घासाघीस करून तो ठरवला. ज्या कारणांसाठी ठरवला त्यांतली बरीचशी कारणे केव्हाच निघून गेली, आणि आकडा मात्र मुक्काम ठोकून बसला. पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट सहसा येत नाही. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये हा आकडा बदलू लागला आहे, तेव्हा त्याची कुळकथा मांडून ठेवायला ही वेळ बरी आहे.

आधी मूळ अडचण पाहू. १९५०च्या दशकातल्या मोठ्या संगणकांना दोन प्रकारची मेमरी असे. एक फेराइटच्या बारीक कड्यांची. जलद, पण महाग, म्हणून तुटपुंजी. दुसरी फिरत्या चुंबकीय ड्रमवरची. स्वस्त, ऐसपैस, पण हजारो पटींनी संथ. प्रोग्रॅम कड्यांच्या मेमरीत मावला नाही तर त्याचे तुकडे पाडायचे. कोणता तुकडा कधी खाली आणायचा आणि त्याच्यासाठी कोणता वर पाठवायचा, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच ठरवायचे. गणित सोडवायला बसलेल्या माणसाचा अर्धा वेळ सामानाच्या चढउतारात जायचा.

ज्यांच्या स्वयंपाकघराला माळा आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ओट्याजवळच्या फळीवर दहाबारा डबे राहतात, बाकीचे माळ्यावर. मिसळणाचा डबा खाली. चकलीचा सोऱ्या वर्षातून एकदा लागतो, तो वर. आणि स्टूल ओढून माळ्यावर चढायला लागणारा वेळ डबा लहान असो की मोठा, सारखाच. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे. पुढची बरीच कथा त्यावर उभी आहे.

ही चढउतार यंत्राने स्वतःच करावी, अशी कल्पना बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युंच यांनी १९५६ साली आपल्या प्रबंधात मांडली होती. पण ती चालत्या यंत्रात उतरवली मँचेस्टर विद्यापीठातल्या टॉम किलबर्न यांच्या गटाने. फेरांटी कंपनीबरोबर त्यांनी बांधलेल्या ॲटलास संगणकाचे उद्घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजी सर जॉन कॉक्रॉफ्ट यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये किलबर्न, एडवर्ड्स, लॅनिगन आणि समनर या चौघांचा ‘वन-लेव्हल स्टोरेज सिस्टिम’ हा निबंध प्रसिद्ध झाला होता. मराठीत सांगायचे तर एकमजली साठवण. माळा आहे, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तो दिसायचा नाही.

ॲटलासच्या जलद मेमरीत १६,३८४ शब्द मावत, प्रत्येक शब्द ४८ बिटांचा. ड्रमवर आणखी ९८,३०४ शब्दांची जागा. हे सगळे ५१२ शब्दांच्या पानांत कापलेले होते. म्हणजे जलद मेमरीत एका वेळी फक्त ३२ पाने. पानाच्या प्रत्येक जागेला एक नोंदपट्टी जोडलेली : सध्या इथे कितवे पान उतरले आहे. प्रोग्रॅमने एखादा पत्ता मागितला की तो बत्तीसही पट्ट्यांशी एकाच वेळी ताडला जाई. जुळला तर काम पुढे चालू. एकीशीही जुळला नाही तर हातातले काम थांबवून पान ड्रमवरून आणले जाई. मँचेस्टरच्या मंडळींनी या प्रसंगाला ‘नॉन-इक्विव्हॅलन्स’ म्हटले, म्हणजे जुळणी न होणे. आज आपण त्याला ‘पेज फॉल्ट’ म्हणतो. मला मँचेस्टरचे नाव जास्त आवडते. फॉल्ट म्हटले की कुणाची तरी चूक झाली असे वाटते, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत मुले तसे लिहितातही. इथे चूक कुणाचीच नसते. हवा तो डबा माळ्यावर आहे, एवढेच.

आता ५१२च का? ड्रमची एक फेरी सुमारे १२ मिलिसेकंदांची. हवे ते पान वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी ६ मिलिसेकंद नुसते थांबायचे, मग ते उतरवून घ्यायला आणखी २. तेवढ्या ८ मिलिसेकंदांत कड्यांची मेमरी सुमारे ४,००० वेळा वाचून झाली असती. पान निम्मे केले तर वेळ ८वरून ७वर येतो, पण माल निम्माच हाती लागतो. पान दुप्पट केले तर १० मिलिसेकंदांत दुप्पट माल. ड्रमच्या बाजूने पाहिले तर पान जितके मोठे तितका फायदा.

मेमरीच्या बाजूने पाहिले की हिशेब उलटा होतो. १,०२४ शब्दांचे पान केले असते तर ३२ऐवजी १६च पाने मावली असती. प्रोग्रॅम काही एका ठिकाणी बसून काम करत नाही. त्याच्या सूचना एकीकडे, आकड्यांचे तक्ते दुसरीकडे, मधली बेरीज-वजाबाकी तिसरीकडे. एकेका पानातले चार शब्द लागतात आणि त्यांच्यासाठी हजार शब्दांची ट्रंक फळीवर येऊन बसते. सोळा ट्रंकांत फळी भरली की दर थोड्या वेळाने माळा गाठावा लागणार. ५१२ हा या दोन ओढींमधला तह होता, आणि तो त्या ड्रमच्या गतीशी आणि त्या कड्यांच्या किमतीशी केलेला होता.

फळी भरल्यावर वर काय पाठवायचे, हा उरलेला प्रश्न. ॲटलासने एक पान नेहमी रिकामे ठेवायची शिस्त पाळली. नवे पान आधी त्या मोकळ्या जागेत उतरू लागे आणि ते उतरत असताना कुणाला घालवायचे याचा विचार चाले. पाहुणा दारात उभा असताना खोली आवरायला घेण्यापेक्षा हे बरे. विचार करण्यासाठी प्रत्येक पानाबद्दल दोन वेळा टिपून ठेवलेल्या असत : शेवटचा वापर होऊन किती काळ लोटला, आणि यापूर्वी ते किती काळ पडून राहिले होते. आधीच्या विश्रांतीहून जास्त काळ जे पडून आहे, त्याचे काम संपले असे समजून त्याला निरोप द्यायचा. युक्ती देखणी होती. पण १९६६ साली आयबीएममधल्या लास्लो बेलाडी यांनी पाने बदलण्याच्या अनेक पद्धती प्रत्यक्ष प्रोग्रॅमांवर तपासल्या, तेव्हा ॲटलासची पद्धत साध्यासुध्या पद्धतींपुढे फिकी पडली. ती ठरावीक आवर्तनात फिरणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी घडवलेली होती आणि सगळेच प्रोग्रॅम तितके शिस्तीचे नसतात.

बेलाडींच्या नावाने ओळखली जाणारी एक गंमत याच काळातली, १९६९ची. ‘जो आधी आला तो आधी जाईल’ असा नियम घ्या आणि पाच पाने या क्रमाने मागा : १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. फळीवर तीन जागा असतील तर ९ वेळा माळा गाठावा लागतो. चार जागा केल्या तर १० वेळा! जागा वाढवल्यावर खेपाही वाढतात. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावे, फराळ करता करता होण्यासारखे आहे. वर्गात हे करून दाखवल्यावर मुलांचा विश्वास बसत नसे. मेमरी वाढवली की सगळे आपोआप सुधारते, हा समज तिथे पहिल्यांदा हलायचा.

पानांना विरोधही होता. बरोज कंपनीच्या बी ५०००ने सारख्या आकाराची पाने न करता प्रोग्रॅमच्या नैसर्गिक तुकड्यांप्रमाणे लहानमोठे विभाग ठेवले. विचार सरळ आहे : जेवढे हवे तेवढेच आणा. अडचण येते ती काही वेळाने. लहानमोठे तुकडे येत-जात राहिले की मध्ये मध्ये फटी उरतात, एकूण जागा असते पण सलग सापडत नाही. सारख्या पानांनी ही भानगड मिटते, मात्र वाया जाणे संपत नाही, ते फक्त पानाच्या आत जाऊन बसते. प्रत्येक विभागाचे शेवटचे पान सरासरी अर्धे रिकामे. ब्रायन रँडेल यांनी १९६९ साली दाखवून दिले की पानाच्या आतली ही नासाडी बाहेरच्या फटींपेक्षा महाग पडू शकते. चार हजारांच्या पानात शंभर बाइट ठेवले तर बाकीच्याचे भाडे कुणी भरायचे?

या नासाडीचा हिशेब एका सूत्रात बसतो. पान मोठे केले की शेवटच्या पानातली रिकामी जागा वाढते. लहान केले की कोणते पान कुठे आहे याची वही जाड होते. दोन्ही मिळून खर्च सगळ्यात कमी कधी? प्रोग्रॅमचा आकार, वहीतल्या एका नोंदीचा आकार आणि दोन, या तिघांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेतले की उत्तर मिळते. १९६०च्या दशकातला हजार शब्दांचा विभाग आणि एक शब्दाची नोंद घ्या : उत्तर येते सुमारे ४५ शब्द. यंत्रांवरची प्रत्यक्षातली पाने पाचशे ते हजार शब्दांची होती. मधला हा दसपट-वीसपट फरक कुणाचा? माळ्याच्या शिडीचा. फिरत्या ड्रमची वाट पाहणे इतके महाग होते की जागेची उधळपट्टी परवडत होती. मल्टिक्स या प्रणालीसाठी बनवलेल्या जीई ६४५ यंत्रात ६४ आणि १,०२४ शब्दांची अशी दोन प्रकारची पाने ठेवलेली होती. लहान पान कागदावर शहाणपणाचे होते, वापरात टिकले नाही.

मल्टिक्समुळेच आपण ४०९६पाशी येतो. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० जाहीर केली तेव्हा तिच्यात पानांची सोय नव्हती. एमआयटीच्या मंडळींना अनेकांनी एकाच वेळी वापरायचे यंत्र हवे होते; ते जनरल इलेक्ट्रिककडे गेले. हे जिव्हारी लागून आयबीएमने १९६५मध्ये मॉडेल ६७ पुढे केले. त्याचे पान होते ४०९६ बाइटांचे. ३६०च्या सूचनांमध्ये आधारापासूनचे अंतर सांगायला १२ बिट ठेवलेले होते, म्हणजे एका आधारावरून पोहोचण्याचा पल्लाही ४०९६ बाइटच. हा मेळ मला योगायोगाचा वाटत नाही. ऑगस्ट १९७२मध्ये ३७० मालिकेला पानांची सोय मिळाली तेव्हा लहान यंत्रांसाठी २०४८ आणि मोठ्यांसाठी ४०९६ असे दोन्ही आकार होते. निर्णय अजून पुरता झालेला नव्हता.

दरम्यान एक जास्त गंभीर दुखणे उघड झाले होते. एकाच यंत्रावर बरेच जण काम करू लागले की एका मर्यादेनंतर ते मंदावत नसे, एकदम बसत असे. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली त्याची कारणे मांडली. प्रत्येक प्रोग्रॅमला सध्या लागणाऱ्या पानांचा एक संच असतो. सगळ्यांचे संच मिळून मेमरीत मावेनासे झाले की प्रत्येक जण दुसऱ्याचे पान हाकलून आपले आणतो, आणि दुसरा लगेच ते परत मागतो. प्रोसेसर रिकामा बसतो. त्याला रिकामा पाहून व्यवस्था आणखी एक प्रोग्रॅम आत घेते आणि गोंधळ वाढतो. याला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. डेनिंग यांचा उपाय असा की ज्याचा संच मावणार नाही त्याला आतच घेऊ नये.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी पाहिले. १९९०च्या सुमारास पुण्यातल्या एका कार्यालयात एकाच युनिक्स यंत्राला डझनभर टर्मिनल जोडलेले होते. सकाळी सगळे सुरळीत. साडेअकराच्या सुमारास आणखी एकदोघे कामाला बसले की दाबलेले अक्षर पडद्यावर उमटायला दहा-दहा सेकंद लागत आणि डिस्कचा दिवा विझेनासा होई. वरिष्ठांनी निदान केले की यंत्राचा दम कमी पडतो, आणि जास्त वेगाचा प्रोसेसर मागवला. तो आला, महागात बसला, आणि साडेअकरा वाजता पुन्हा तेच. नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा जास्त वेगाने रिकामा बसू लागला, इतकेच. पुढच्या वर्षी मेमरीचा एक बोर्ड वाढवला आणि दुखणे गेले. मधल्या काळात लेखा विभागातल्या बायकांनी आपसात ठरवून जेवणाच्या सुट्या पाळीपाळीने घ्यायला सुरुवात केली होती. डेनिंग यांचे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. उपाय तोच होता.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस या सगळ्या दुखण्यांमुळे प्रश्न असा उभा राहिला होता की माणसाने हाताने केलेली चढउतारच बरी नव्हती का? त्याचे उत्तर दिले आयबीएमच्या डेव्हिड सेअर यांनी, १९६९च्या डिसेंबरात. (हे सेअर म्हणजे फोरट्रान घडवणाऱ्या गटातले आणि स्फटिकशास्त्रातल्या सेअर समीकरणाचे. काही माणसांना एक आयुष्य पुरत नाही.) त्यांनी हाताने तुकडे पाडलेले प्रोग्रॅम आणि यंत्राच्या भरवशावर सोडलेले प्रोग्रॅम समोरासमोर ठेवले. निष्कर्ष असा की यंत्र माणसाच्या तोडीचे काम करते. त्यानंतर मूळ कल्पनेवरचा वाद थंडावला. आकाराचा राहिला.

१९७७ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा व्हॅक्स आला तो ५१२ बाइटांची पाने घेऊन. शब्द नव्हे, बाइट. ॲटलासच्या पानाचा सहावा हिस्सा. मेमरी महाग, तिची काटकसर हवी, आणि डिस्कवरचा तुकडाही तेवढाच. पण पत्ते ३२ बिटांचे असल्याने पानांची संख्या अफाट वाढली. एक गिगाबाइटच्या प्रदेशाला वीस लाखांहून जास्त नोंदी, दर नोंद ४ बाइट, म्हणजे ८ मेगाबाइटची नुसती वही. ती वहीसुद्धा आभासी मेमरीत, म्हणजे गरज पडल्यास माळ्यावर, ठेवायची सोय करावी लागली. बर्कलीत ओझाल्प बाबाओग्लू आणि बिल जॉय यांनी व्हॅक्ससाठी युनिक्समध्ये पानांची व्यवस्था बसवली, तेव्हा दोन-दोन पाने बांधून १,०२४चे एक धरले. कंपनीने १९९२मध्ये अल्फा प्रोसेसर काढला तेव्हा पान एकदम ८,१९२ बाइटांचे केले. तरीही जुन्या प्रोग्रॅमांत ५१२ इतक्या ठिकाणी कोरलेला होता की व्हीएमएस प्रणालीत ५१२ बाइटांना ‘पेजलेट’ असे नवे नाव देऊन तो हिशेब चालू ठेवावा लागला. यंत्रात ज्याला जागा राहिलेली नाही असे ते माप फक्त कागदोपत्री जगले. जमिनी हेक्टरमध्ये मोजूनही बोलण्यात गुंठे राहावेत, तसे.

४०९६ला कायमचे घर दिले इंटेलने. ऑक्टोबर १९८५मध्ये ८०३८६ आला. त्याच्या ३२ बिटांच्या पत्त्याची विभागणी १०, १० आणि १२ अशी. १२ बिट म्हणजे ४०९६चे पान. १० बिट म्हणजे १,०२४ नोंदींचा तक्ता, दर नोंद ४ बाइट, म्हणजे तक्ताही बरोबर एका पानात मावतो. हे फळ्यावर मांडताना मला दरवेळी आनंद व्हायचा. पण देखणेपणामुळे आकडा टिकला असे नाही. तो टिकला कारण त्या वंशाचे संगणक घराघरांत गेले आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या असंख्य प्रोग्रॅमांनी ४०९६ गृहीत धरला.

त्यानंतर जमीनच सरकली. ड्रम गेले, आणि आता फोनमध्ये फिरणारी डिस्कही नाही. ॲटलासची सगळी जलद मेमरी आजच्या मापाने ९६ किलोबाइट आणि त्यात पाने ३२. आठ गिगाबाइटच्या साध्या फोनमध्ये ४०९६च्या मापाने जवळपास २१ लाख पाने. विशेष म्हणजे ॲटलासचे पान आजच्या हिशेबाने ३,०७२ बाइटांचे होते. साठ वर्षांत पानांची संख्या पासष्ट हजार पटींनी वाढली आणि पान सव्वा-दीडपट.

त्यामुळे ओढाताणीची जागा बदलली. एकवीस लाख पट्ट्यांशी एका क्षणात पत्ता ताडून पाहता येत नाही. म्हणून पूर्ण वही मेमरीत ठेवतात आणि अलीकडे लागलेल्या थोड्याच नोंदी प्रोसेसरजवळच्या छोट्या टिपणवहीत. मॉडेल ६७मध्ये अशा ८ नोंदी राहत. ६४ नोंदींची टिपणवही धरली तर ४०९६च्या पानांनी ती केवळ २५६ किलोबाइटचा प्रदेश झाकते. नोंद तिथे नसली की मोठी वही चाळायला जावे लागते. पान मेमरीत हजर असूनही ते कुठे आहे हे शोधण्यात वेळ जातो. पूर्वी पान मोठे हवे होते ते माळ्याच्या शिडीमुळे. आता हवे आहे ते या टिपणवहीच्या अपुऱ्या जागेमुळे. मोठ्या विदागारांच्या सर्व्हरवर २ मेगाबाइटची आणि १ गिगाबाइटचीही पाने वापरतात. १९६०च्या दशकात ज्याला उधळपट्टी म्हटले असते, ते तिथे काटकसर ठरते.

मघाच्या सूत्रात आजचे आकडे घालून पाहा. आठ बाइटची नोंद आणि एक मेगाबाइटचा प्रोग्रॅम : उत्तर नेमके ४०९६. प्रोग्रॅम सोळा मेगाबाइटचा केला की उत्तर नेमके १६,३८४. ॲपलने २०२०च्या एम१ प्रोसेसरच्या संगणकांत पान १६,३८४ बाइटांचे ठेवले. जुन्या इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्रॅम चालवताना मात्र ४०९६ची सोय राखली. गुगलने २०२४च्या अँड्रॉइड १५मध्ये त्याच आकाराला वाट करून दिली. अँड्रॉइड १५ आणि पुढच्या आवृत्त्यांसाठीच्या नव्या ॲपनी आणि सुधारित आवृत्त्यांनी १ नोव्हेंबर २०२५पासून मोठ्या पानावर चालायलाच हवे, असा त्यांच्या दुकानाचा नियम आहे. मेमरी थोडी जास्त खर्च होते, त्याबदल्यात ॲप लवकर उघडतात. ज्यांच्या फोनमध्ये मेमरी भरपूर आहे त्यांना हा सौदा स्वस्त. कमी मेमरीच्या स्वस्त फोनवाल्यांना तितका नाही. रँडेल यांनी विचारलेला वाया गेलेल्या जागेचा प्रश्न इथे पुन्हा दारात उभा राहतो.

काम मात्र पडले आहे ते ॲप लिहिणाऱ्यांवर. ज्या ॲपमध्ये सी किंवा सी++मध्ये लिहिलेले भाग आहेत, त्यांचे विभाग ४०९६च्या मापाने आखलेले असतील तर ते नव्या मापाने आखून पुन्हा बांधावे लागतात. ‘१२ बिट मागे सरकव’ अशी ओळ कुणीतरी कधीतरी लिहिलेली असते, आणि तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. माझे काही विद्यार्थी सध्या असल्या ओळी शोधत आहेत. यंत्राला पानाचा आकार विचारायची एक आज्ञा युनिक्समध्ये पूर्वीपासून आहे, गेटकॉन्फ पेजसाइझ. ती वापरली असती तर हे शोधकाम वाचले असते. माझ्या टेबलावर सध्या दोन संगणक आहेत. ही आज्ञा दिली की जुना ४०९६ म्हणतो आणि नवा १६३८४.